कसम परेडच्या दिवशीच पगाराची पायरी चढवली तर काय बिघडतंय?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात आतल्या पानावर फोटो असतोच की, अमक्या गावच्या तमक्याची सैन्यात निवड, गळ्यात हार, शेजारी सरपंच आणि अकॅडमीचे सर, मागं डिजिटल बोर्ड. छापा, छापायलाच पाहिजे, पोरं पहाटे चारला उठून रंकाळ्याला नाहीतर विद्यापीठाच्या रस्त्यानं धावतात, 1600 मीटरला चार सेकंद कमी करायला महिने घालवतात. पण फौजेत उमेदीची वर्षं काढलेला आणि त्यातली बरीचशी रिक्रूटांना शिकवण्यात घालवलेला माणूस म्हणून मला विचारायचंय, की हार घातलेला तो पोरगा पुढं बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरात कसा निघाला हे कधी कुणी विचारलंय का? निवड म्हणजे नुसतं गेटातनं आत जाणं. तिथनं पुढं 31 आठवडे जो रगडा असतोय त्यात कोण सोनं निघालं आणि कोण नुसतं वेळ काढून बाहेर पडलं ह्याचा गावाला पत्ताच नसतो, आणि खरं सांगायचं तर सरकारच्या पगारपत्रकालाही नसतो. हे पत्र त्या पगारपत्रकाबद्दलच आहे, ट्रेनिंग संपताना शपथेची जी कसम परेड होते त्याच दिवशी वरच्या पोरांचा पगार वाढावा म्हणून.

हे डोक्यात यायला कारण झालं आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ. त्यांचा नातू अमेरिकेत जन्मलेला, तिकडं मरीन कोरमध्ये (त्यांच्या आर्मीपेक्षा वेगळी फौज) भरती झाला आणि ट्रेनिंग संपलं त्याच दिवशी प्रमोशन मिळालं म्हणून हे पेढे घेऊन दारात. मी म्हटलं अहो काका, आत्ता तर शपथ झाली असंल, प्रमोशन कसलं, तुम्हाला पोरानं काहीतरी वेगळं सांगितलं असणार. मग त्या पोराशीच व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं, दंडावर एक फीत दिसली, आणि फौजी माणूस फौजी माणसाला जे विचारतो ते सगळं मी त्याला विचारून घेतलं.

तर तिकडची पद्धत अशी. मरीनचं ट्रेनिंग 13 आठवड्यांचं, त्याला ते बूट कॅम्प म्हणतात. सेंटरं दोन, एक साउथ कॅरोलायनात पॅरिस आयलंड म्हणून आहे (फ्रान्सचं पॅरिस वेगळं) आणि दुसरं कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला. आत जाणारा साधा रिक्रूट बाहेर पडतो तो प्रायव्हेट म्हणून, दंडावर काही नाही. पहिली फीत म्हणजे प्रायव्हेट फर्स्ट क्लास, ती एरवी नोकरीचे सहा महिने भरल्यावर लागते. पण प्रत्येक प्लाटूनमधल्या (तुकडीतल्या) वरच्या मोजक्या पोरांना ती ग्रॅज्युएशनलाच लावतात, आईबाप समोर बसलेले असतात तेव्हाच. हे काही नुसतं कौतुक नव्हे बरं का, त्या दिवसापासून पगार वाढतो. 2024 च्या दरानं साध्या प्रायव्हेटला महिन्याला 2,017 डॉलर आणि पहिली फीत लागलेल्याला 2,261, म्हणजे अडीचशेच्या आसपास फरक. आणि पुढची फीत, लान्स कॉर्पोरलची, तिचंही घड्याळ लवकर चालू होतंय.

आता ही फीत मिळते कुणाला, ते मला जास्त आवडलं. प्लाटूनचा झेंडा घेऊन पुढं चालणारा एक रिक्रूट असतो त्याला गाइड म्हणतात, खाली स्क्वॉड लीडर असतात, सगळे रिक्रूटच. ड्रिल इन्स्ट्रक्टर हे गाइड सारखे बदलत राहतात, आज आहे तो उद्या हाकलला, दुसरा पुढं काढला, दुसऱ्याच्या प्लाटूननं घाण केली की त्यालाही खाली ढकलला, आणि शेवटपर्यंत जो टिकतो तो बहुतेक वेळा पहिला नंबर घेऊन जातो. सोबत फायरिंगचा स्कोअर बघतात, लेखी परीक्षा बघतात, ड्रिल बघतात, पीटी टेस्ट बघतात (तीन मैलाची धाव, पुरुषांना पूर्ण मार्क पाहिजेत तर 18 मिनिटांत, म्हणजे 4.8 किलोमीटर, आमच्या भरतीवाल्या पोरांनी जरा हिशोब करून बघावा), आणि शेवटाला क्रुसिबल म्हणून 54 तासांचा प्रकार असतो, झोप थोडी, खाणं थोडं, चालणं आणि ओझं भरपूर. त्यात दमल्यावर कोण शिव्या देतो आणि कोण मागं पडलेल्याची पिशवी उचलतो हे कुणी वेगळं सांगायला लागत नाही. आमच्याकडं वेगळं काय आहे म्हणा, सेंटरात पोरगं पहिल्यांदा आलं की उस्ताद (शिकवणारा) हिंदीत काय ओरडतोय तेच निम्म्यांना कळत नसतंय, चंदगड आजऱ्याकडची पोरं तर गांगरूनच जातात, आणि त्यातलाच एखादा असतो की ज्याला स्वतःला जेमतेम समजलंय पण तो रात्री बॅरेकमध्ये शेजारच्या चौघांना समजावून सांगत बसतो. असा पोरगा उस्तादाच्या नजरेत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यालाच भरतो. धावण्यात तो पहिला असंलच असं नाही, पण युनिटला पाहिजे असतो तो हाच.

तिकडचं सगळंच गोड आहे असं मी म्हणत नाही. तिथं ट्रेनिंगच्या आधीच फीत मिळवायचे चोरवाटेसारखे रस्तेही आहेत. कॉलेजचे ठराविक क्रेडिट असले की मरीनमध्ये आत जातानाच वरचा हुद्दा, स्काउटिंगमधला सगळ्यात वरचा ईगल स्काउट असला की हुद्दा, आणि कहर म्हणजे भरती व्हायला दोन दोस्त आणून दिले तरी हुद्दा. त्यांच्या आर्मीत तर पदवीधर पोरगा थेट चौथ्या पगारश्रेणीवर सुरू होऊ शकतो. तिकडं सक्तीची भरती 1973 ला बंद झाली, तेव्हापासून पोरं मिळवायला अशी आमिषं लागतात हे मला समजतं. आपल्याकडं भरतीला पोरांची कमी नाही त्यामुळं असलं काही आणायची गरजही नाही. एनसीसी सर्टिफिकेटवाल्यांना आपण भरतीत बोनस मार्क देतो तेवढं पुरे. मला पाहिजे ती फक्त घाम गाळून मिळवलेली फीत.

आता आपल्याकडं बघू. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, म्हणजे कोल्हापुरातनं शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथं कसम परेडला काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, तिरंगा येतो, धर्मगुरू शपथ देतात, बँड वाजतो, आईबापांना गौरव पदक लावतात, आणि फायरिंगमध्ये, ड्रिलमध्ये, पीटीमध्ये जे पहिले आलेत त्यांना पदकं मिळतात. ओडिशात आयएनएस चिल्काला नौदलाच्या अग्निवीरांची पहिली परेड 28 मार्च 2023 ला झाली, तिथंही बेस्ट अग्निवीरला ट्रॉफी आहे, मुलींसाठी जनरल बिपिन रावत यांच्या नावाची वेगळी फिरती ट्रॉफी आहे. मान आहे, कोण नाही म्हणतंय. पण दुसऱ्या दिवशी लंगरच्या लाइनीत तो पहिला आलेला आणि घासतपुसत पास झालेला दोघं एकाच जागी, एकाच पगारावर. खासबागेत कुस्ती निकाली झाली की इनाम तिथंच मैदानात हातात पडतं, नुसती टाळी वाजवून पैलवानाला घरी पाठवत नाहीत.

अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली तेव्हा पगाराचं कोष्टक आलं होतं, पहिल्या वर्षी 30,000, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्याला 36,500, चौथ्याला 40,000, त्यातले 30 टक्के सेवा निधीला कापून पहिल्या वर्षी हातात 21,000. बघा ह्यात मेहनतीला कुठं जागा आहे का? वर्ष भरलं की पायरी चढायची, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय. अग्निवीर हीच एक वेगळी रँक केलीय, बिल्ला वेगळा, त्यामुळं जुन्या फौजेत निदान पुढं लान्स नायक, नायक होऊ ही आशा तरी असायची, तीही ह्या चार वर्षांत नाही. आणि चार वर्षांनी कामगिरी बघून जास्तीत जास्त 25 टक्के आत राहणार. मग मधल्या काळात पोराला कसं कळायचं की आपण वरच्या पंचवीसमध्ये आहोत का खालच्या पंचाहत्तरमध्ये? वीस वर्षाचं पोर आहे ते, त्याला चार वर्षं अंधारात पळवत ठेवायचं आणि मग रिझल्ट सांगायचा, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

हे मी आमच्या जुन्या सोबत्यांपुढं मांडलं तेव्हा अर्धे अंगावर आले. त्यांचं म्हणणं, लान्स नायकाची फीत काय खिरापत आहे का, युनिटला जागा ठरलेल्या असतात, जागा रिकामी व्हावी लागते, कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स पास करावा लागतो, सिनिऑरिटी यावी लागते, आणि सेंटरनं कालच्या पोराला फीत लावून पाठवलं तर आठ वर्षं घासलेला शिपाई त्याला काय म्हणून मानेल, पहिल्याच आठवड्यात बॅरेकमध्ये भांडण. एकदम मान्य. आपल्याकडं लान्स नायकाला सेक्शनमध्ये काम आहे, त्याच्या शब्दावर माणसं उठतात. तिकडच्या प्रायव्हेट फर्स्ट क्लासचा हुकूम कुणावर चालत नाही, ती पगाराची एक पायरी आणि दंडावरची एक खूण आहे, बस. म्हणूनच मी लान्स नायक मागतच नाहीये.

मी मागतोय ते एवढंच, की कसम परेडला जे वरचे मोजके अग्निवीर असतील त्यांना दुसऱ्या वर्षाचा 33,000 चा पगार त्याच दिवसापासून लावा. ट्रेनिंगमध्ये सात महिने गेले, पहिल्या वर्षाचे राहिले पाच, महिन्याचा फरक 3,000, माणशी 15,000 रुपये झाले. एका पोरामागं एवढ्यात होणारं काम आहे, आणि त्या 15,000 साठी बॅरेकमधली शंभर पोरं जीव तोडतील हे मी लिहून देतो, कारण पैशापेक्षा तो कसम परेडच्या दिवशी लागलाय ही गोष्ट मोठी. त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डला ती नोंद राहू दे आणि चार वर्षांनी निवड करताना समोर ठेवू दे.

वशिल्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. उस्तादाच्या गावचा पोरगा पुढं, असं होईल का? होऊ शकतं, म्हणून मोजता येतं ते आधी मोजा. गोळ्या टार्गेटवर किती लागल्या, बीपीईटीची म्हणजे फौजेतल्या शारीरिक चाचणीची पाच किलोमीटरची धाव किती मिनिटांत झाली, लेखीला किती पडले, ह्यात कुणाला खोटं करता येत नाही, निदान सहजासहजी नाही. राहिला भाग माणूस म्हणून कसा आहे त्याचा, तो एकट्या उस्तादावर न सोडता दुसऱ्या कंपनीचे साहेब बोलावून बघा. माझं म्हणाल तर मी त्यात बॅरेकमधल्या पोरांनाच गुपचूप चिठ्ठीवर विचारीन, की लढाईला जायची वेळ आली तर शेजारी कोण पाहिजे. पोरं बरोबर नाव लिहितात.

हे कोल्हापुरातनं मागायचं नाही तर कुठनं मागायचं. राजाराम रायफल्स ही इथल्या संस्थानची पलटण, ती आज 19 मराठा म्हणून उभी आहे, टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची 109 बटालियन आहे, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी हे गावच फौजेच्या नावानं ओळखलं जातं, लेफ्टनंट जनरल थोरात साहेब इथलेच. कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन खासदार जिल्ह्यातनं दिल्लीला जातात, दोघांपैकी एकानं संरक्षण खात्याला एक साधा प्रश्न टाकायला काय हरकत आहे, की अग्निवीराच्या ट्रेनिंगमधल्या कामगिरीचा त्याच्या पगाराशी संबंध का नाही? 2022 च्या शेवटाला आत गेलेल्या पहिल्या बॅचची चार वर्षं 2026 संपताना भरतात, तेव्हा हा प्रश्न घराघरात येणारच आहे, आधी विचारलेला बरा.

आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर ह्याचं निवेदन फिरतंय. वरच्या मोजक्यांना म्हणजे नेमकं किती, प्लाटूनमागं दोन का तीन, ह्यावर दोन सुभेदार साहेबांचं अजून जमेना, बाकी मजकुरावर सह्या झाल्यात. त्यांचं जमलं की निवेदन दोन्ही खासदारांच्या ऑफिसात नेऊन देणार आहोत आणि एक प्रत आपल्याकडंही पाठवतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर