केलाँगच्या त्या मेकॅनिकदादांचे आभार

अटल बोगदा ओलांडून सिस्सूच्या पुढे आलो आणि गाडीचा हीटर गार वारा फेकायला लागला. बाहेर बर्फ, मागच्या सीटवर सत्तरीची आई. केलाँग येईपर्यंत टेंपरेचरचा काटाही वर सरकू लागला होता. अंधार पडलेला, तुम्ही शटर ओढून घरी निघालेले.

आम्हाला पाहून शटर परत वर केलंत. आधी आईला आत शेगडीपाशी बसवलंत, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिलात, मग बॉनेट उघडलंत. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाहीत. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपून म्हणालात, "एक गरम, एक ठंडा. पानी घूम नहीं रहा." क्लिप ढिली होऊन कूलंट गळलं होतं, पाइपात हवा अडकली होती. क्लिप आवळलीत, कूलंट भरलंत, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू केलंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरचा पाइप दाबत उभे राहिलात. तेही उघड्या हातांनी, कारण तुमचे हातमोजे आईच्या हातात होते!

पैसे घेतलेत ते फक्त कूलंटचे. नाव विचारलं तर हसून टाळलंत. मनापासून आभार, दादा. कधी साताऱ्याकडे आलात तर आमच्याकडेच उतरायचं, असा आईचा निरोप आहे.