दिल्या, आमच्या पोराला तिकीट देतायत

कोल्हापूर

प्रिय दिल्या,

बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत झकास. आता मुद्द्याचं बोलतो लगा, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

परवा पेठेतली चार माणसं घरी आली, म्हणे महापालिकेला पोराला उभा करा, तालमीची पोरं पाठीशी आहेत, खर्चाची काळजी तुम्ही करायची नाही. पोरगा आधीच तयार. आतनं लॅपटॉप घेऊन आला, त्यात मतदार यादी, गल्लीवार, घरवार, कोण पुण्याला गेलंय कोण वारलंय सगळं, आणि प्रत्येक घरापुढं शेवटी एक रिकामा रकाना, वर लिहिलेलं 'देय'. आपल्या शेजारच्या काकूंच्या नावापुढं पण तोच रकाना, ज्यांनी आपल्याला लहानपणी घास भरवले. मी विचारलं हे काय, तर सगळे गप्प, मग एकजण म्हणाला, काका आता असंच असतंय.

तेव्हापासून डोळ्यापुढनं 1985 जात नाही बघ. शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या, एन. डी. पाटील सरांच्या विधानसभेच्या प्रचाराला, भिंती रंगवायला चुना आपणच वर्गणी काढून आणला होता, कुणी एक चहा पाजला नाही. आणि तू अंधारात तुझ्या काँग्रेसवाल्या मामाच्याच वाड्याची भिंत रंगवलीस अन् सकाळी मामानं बादली देऊन तुलाच ती धुवायला लावली, मामी अजून सांगून हसते.

तुझं म्हणणं ठाऊक आहे मला. रंकाळ्यावर त्या वादात भेळेचे पुडे तसेच राहिले होते आपले. सरांनी करिअर वाया घालवलं, शरद पवार सख्खे मेहुणे, 1978 ला पवारांच्याच पुलोद आघाडी सरकारात सहकारमंत्री, पवारांचं बोट धरून राहिले असते तर कायम लाल दिवा. मला हे तेव्हा पटलं नाही आणि आता तर अजिबात पटत नाही. ढवळीच्या शेतकऱ्याच्या घरातला माणूस, 18 वर्षं विधान परिषदेत, 5 वर्षं विधानसभेत, मंत्रिपद पण बघितलं, तरी शेकाप सोडला नाही. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाचा करार 1993 ला झाला तेव्हा मुख्यमंत्री पवारच होते, आणि सर विरोधात. रायगडच्या सेझला, त्या विशेष आर्थिक क्षेत्राला, पण तेच. घरचं नातं घरी ठेवलं माणसानं. असं किती जणांना जमतंय सांग की.

आणि टोल! 49 किलोमीटरच्या रस्त्यांसाठी 30 वर्षं टोल द्यायचा, आपल्याच गावात यायला-जायला. 2013 ला वसुली सुरू झाली तेव्हा सर 84 वर्षांचे, ना आमदार ना खासदार, पाय साथ देत नव्हते तरी मोर्चात पुढं. फेब्रुवारी 2015 मध्ये टोलच्या लढ्यातले आपले कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे अण्णांना गोळ्या घातल्या, आम्हाला वाटलं आता संपलं सगळं. सर थांबले नाहीत. वर्ष संपता संपता टोल गेला. तू तेव्हा बाहेर होतास म्हणून सांगतो, त्या काळात शिरोली नाक्यावरनं गाडी काढताना अंगात काय यायचं ते शब्दात येत नाही.

हे सगळं मी पोराला सांगितलं, तासभर. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबा, शेवटी टोल गेला तो सरकारनं कंपनीला पैसे मोजले म्हणून, निर्णय मुंबईत झाला, म्हणून आत माणूस असावा लागतो. खरं आहे त्याचं. पण सरकारला तिथपर्यंत ओढत कुणी नेलं? हे मी म्हटलं तर म्हणतो, मग मी आत जाऊन ओढतो की. 2020 पासून महापालिकेवर प्रशासक होता, कुणाला जाब विचारायचा ते कळत नव्हतं, हे पण बरोबर. पोरगं वाईट नाही रे, त्याला काम करायचंय. त्यानं उभं राहू नये असं माझं म्हणणंच नाही. माझं भांडण त्या एका रकान्याशी आहे. तो दुसऱ्याच्या पैशानं भरला की उद्या सभागृहात हात कुणासाठी वर करायचा ते आजच ठरलं, मग ड्रेनेजचं टेंडर असू दे नाहीतर एखाद्या जागेचं आरक्षण उठवायचं असू दे. त्याची आई तर दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, म्हणते पोराचे पाय ओढू नका.

तू बोल त्याच्याशी. मी सरांचा माणूस म्हणून माझं त्याला कीर्तन वाटतंय, तू त्या प्रचारानंतर कायम सरांच्या विरोधात भांडलास, तुझं ऐकेल. उभा रहा म्हण, पण आपल्या खिशातनं, पत्रकं वाटून, दारोदार फिरून. पडला तरी चालेल. भिंती मी रंगवतो त्याच्या, गुडघे कुरकुरले तरी.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे? वहिनींना नमस्कार, मनूचं नोकरीचं झालं म्हणे, अभिनंदन सांग तिला. शनिवारी ती माणसं होकार घ्यायला येणार आहेत, त्याच्या आत फोन कर, माझ्या नाही, त्याच्याच नंबरवर.

तुझा,
बाळ्या