रात्रीची गाडी ठरवू नकोस

भुसावळ
शनिवार, १० मे २०२५, सकाळी साडेसात

चि. निनाद यास,

अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि कुणाचंच ऐकलं जात नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. रेंज येते-जाते असं म्हणालास, तर आधी हे एवढं वाच: फगवाड्याहून घरी यायच्या तुझ्या तिकिटाचं काम आज सकाळी दहालाच आहे. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण वाच.

सोमवारचं अमृतसरचं विमान डोक्यातून काढून टाक. पाकिस्तानशी चाललेल्या संघर्षामुळे ३२ विमानतळ १५ तारखेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत बंद ठेवले आहेत. त्यात अमृतसर, चंदीगड, लुधियाना आणि आदमपूर तर आहेतच, दिल्लीला लागून असलेलं हिंडनसुद्धा आहे. दिल्लीचं मोठं विमानतळ चालू आहे, पण तिथे विमानात चढताना पुन्हा एकदा झडती घेतायत, तीन तास आधी बोलावतायत आणि उड्डाणं ऐनवेळी मागेपुढे होतायत. पंजाबातून निघून दिल्लीचं विमान धरायचं हे गणित आत्ता जुळवू नकोस. जुन्या तिकिटाचे पैसे परत मिळतील. फक्त स्वतः होऊन ‘कॅन्सल’ दाबू नकोस. विमान कंपनीने रद्द केल्याचा मेसेज आला की त्यातूनच रिफंड माग, नाहीतर प्रवाशाने रद्द केलं असं धरून पैसे कापतात. तू एजंटच्या अ‍ॅपवरून काढलं होतंस, तर पैसे आधी त्यांच्याकडे जातील, मग तुझ्याकडे.

आता दहाचं काम. उद्या ११ तारखेची सचखंड एक्सप्रेस, अमृतसर–नांदेड. एसीचा तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी दहाला उघडतो आणि स्लीपरचा अकराला. हा दिवस गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून सुटते त्यावरून मोजतात, तू चढतोस त्या स्टेशनवरून नाही. झेलम एक्सप्रेस जम्मूहून रात्री सुटते आणि जालंधरला उत्तररात्री, म्हणजे तारीख बदलल्यावर येते. तिथेच निम्मी मुलं एक दिवस उशिरा तत्काळ काढायला बसतात. सचखंडला ती भानगड नाही, पहाटे सुटते आणि त्याच सकाळी जालंधरला.

बाबा म्हणत होते की इथल्या खिडकीवर उभा राहतो. मीच नको म्हटलं. खिडकीचं तिकीट म्हणजे कागद, तो राहणार भुसावळात आणि तू फगवाड्यात. ऑनलाइनच काढायला हवं. एका तिकिटावर तत्काळमध्ये चारच नावं बसतात. तुम्ही नऊ जण आहात, तेव्हा तीन खाती तीन फोनवर उघडून ठेवा, नावं आणि वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरा, पैसे वॉलेटमध्ये टाकून ठेवा. ओटीपीची वाट बघण्यातच जागा जातात. मी इथून दहाला तुझ्या आणि त्या दोन नंदुरबारच्या मुलांच्या नावाने बसते आहे. ज्याचं आधी कन्फर्म होईल त्याने लगेच कळवायचं. दोन्हीकडून निघालं तर कन्फर्म तत्काळ रद्द करून पैसे मिळत नाहीत, ते गेले तर जाऊ देत.

वेटिंग आलं तर त्यावर विसंबू नकोस. तत्काळचं वेटिंग पुढे सरकत नाही म्हटलं तरी चालेल, आणि ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. त्यानंतर डब्यात बसलास तर तू विनातिकीट. या महिन्यापासून वेटिंगवाल्यांना स्लीपर आणि एसीत चढूच देत नाहीयेत. चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला येतात, तेही बघत राहा.

आता ज्यासाठी खरं पत्र लिहायला घेतलं ते. ती टेम्पो ट्रॅव्हलर. आज रात्री एकला निघणार असं तू म्हणालास. निघू नकोस. अंतर मला ठाऊक आहे, फगवाडा ते दिल्ली साडेतीनशेच्या आसपास, रस्ता चौपदरीच्या वरचा, पंजाब-हरियाणा सीमेवरचा शंभूचा नाकाही मार्चमध्ये मोकळा झाला. दिवसा मी एका शब्दाने अडवलं नसतं. पण ब्लॅकआउट, म्हणजे सगळीकडे दिवे मालवायचा हुकूम, लागला की गाडीने दिवे बंद करून कडेला थांबायचं असतं. पैसे आगाऊ घेतलेला ड्रायव्हर थांबत नाही, तो दिवे बंद करून हळूहळू पुढे काढत राहतो. पुढे काय असतं? गहू निघाल्यावर तुडी, म्हणजे गव्हाचा भुसा, भरून चाललेल्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, मागे लाल दिवासुद्धा नाही. कडेला उभे केलेले ट्रक. आणि तुमच्यासारखेच दिवे मालवून निघालेले दुसरे दहा जण. ड्रोनची भीती मलाही आहे रे, आदमपूरचा हवाई तळ तुमच्यापासून किती जवळ आहे ते मी नकाशात बघितलं आहे. पण त्या अंधाऱ्या रस्त्याची भीती मला जास्त वाटते. खोलीत पडदे ओढून, खिडकीपासून लांब बसलेला मुलगा मला त्या गाडीतल्या मुलापेक्षा सुरक्षित वाटतो.

बरं, हे पुन्हा सांगणार नाही.

सचखंड मिळाली तर जालंधर सिटीवरून चढ. जालंधर कँट वेगळं, दोन्हींच्या मध्ये पाचेक किलोमीटर. झेलम पठाणकोटकडून येते ती कँटला लागते, अमृतसरकडून येणारी सिटीला. रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हणू नकोस. तिकडे आता साडेपाचच्या सुमारास उजाडतं. उजाडल्यावरच फगवाड्यातून निघ, वीस किलोमीटर आहे. आदल्या रात्रीच जाऊन फलाटावर झोपायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक. गाडी वेळेवर सुटेल का हे नुसत्या रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवरच्या आकड्यावरून ठरवू नकोस. नांदेडहून निघालेली जोडगाडी कुठे पोचली आहे ते बघ. डबे तेच परत फिरतात, ती रखडली की ही रखडणार. आणि गाडी अमृतसरला न जाता अंबाल्यावरूनच किंवा दिल्लीवरूनच परत फिरवली, तर तुझं आरक्षण तिथून पुढे तसंच राहतं. तिथे पोचायची सोय तेवढी आपली आपण करायची.

सचखंड नाहीच मिळाली तर प्रवासाचे दोन तुकडे कर. पहिला तुकडा सकाळच्या शताब्दीने, नाहीतर जनरलने, दिल्लीपर्यंत. जनरलचं तिकीट रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपवर काढशील तर स्टेशनात शिरण्याआधी काढ, रुळांच्या फार जवळ गेलं की पेपरलेस निघत नाही, मग भिंतीवरचा क्यूआर शोधत बसावं लागतं. थेट दिल्लीची जागा दिसत नसेल तर अंबाला कँट गाठ. अमृतसरची लाइन, चंदीगड-कालक्याची लाइन आणि सहारनपूरची लाइन तिथे मिळतात, म्हणून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या तिथून कितीतरी जास्त. बसनेही अंबाला होतं, पण दिवसाच्या बसने. दिल्लीची बस काश्मिरी गेटला सोडते, तिथून पिवळ्या मेट्रोने तिसरं स्टेशन नवी दिल्ली.

दुसऱ्या तुकड्यासाठी दुपारची गोवा एक्सप्रेस, ती निजामुद्दीनहून. रात्रीची कर्नाटक नवी दिल्लीहून. पहाटेची पंजाब मेल. झेलम आणि सचखंड तर आहेतच. सगळ्या भुसावळला थांबतात, हे तुला मी सांगायचं म्हणजे काय. पाचवीत असताना तू ओट्यावर बसून आवाजावरून गाडी ओळखायचास आणि आप्पा प्रत्येक वेळी बाहेर येऊन खात्री करायचे. त्यांना फार कौतुक होतं तुझं. ते असते तर काल त्यांनी तुला फोनवर गाड्यांचे नंबर विचारले असते आणि तू हसला असतास.

दिल्लीत रात्र काढावी लागली तर पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनात जागा आहे का विचारा, नवी दिल्ली स्टेशनला लागूनच आहे ते. शेखरकाकांना मी सांगून ठेवलं आहे. मनूच्या लग्नातलं विसरून जा आणि गरज पडली तर सरळ त्यांच्याकडे जा.

बातम्यांबद्दल. आजी दिवसभर टीव्ही लावून बसते, आणि ते चॅनेलवाले मागे भोंगा वाजवत राहतात. परवा रात्री कराची बंदर उडवलं म्हणून ओरडत होते, त्यात काही तथ्य नव्हतं. जालंधरवर ड्रोन पडला म्हणून जो व्हिडिओ तू मला पाठवलास आणि मी तो बघून खाली बसले, ती शेतातली आग होती. पत्र सूचना कार्यालयाने जालंधरच्या डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, हवाल्याने तसं स्पष्ट केलं. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार हीसुद्धा अफवाच. तरीही दोन हजार रुपये सुटे जवळ ठेव, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं.

एक गोष्ट तुमच्या ग्रुपवर कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. फगवाडा जालंधर जिल्ह्यात येत नाही, कपूरथळ्यात येतं. ब्लॅकआउटची वेळ, बाजार बंद, शाळा-कॉलेज बंद, हे हुकूम जिल्ह्याचा डीसी काढतो. तुम्ही जालंधरचे हुकूम वाचून घाबरताय, आणि कपूरथळ्याचे वाचतच नाही. कपूरथळ्याच्या प्रशासनाचं अधिकृत पान उघडून ठेव. गाड्यांचं आणि रस्त्याचं खरं तिथल्या सकाळच्या पेपरात मिळतं, पंजाब केसरी जालंधरहूनच निघतो आणि हिंदीत आहे. मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या माणसाला फगवाडा बसस्टँडवर बस आहे की नाही हे कुठून कळणार? काल दिवसभर धरमशालाहून निघालेले क्रिकेटपटू जालंधरहून वंदे भारतने दिल्लीला कसे गेले ते दाखवलं. जम्मू-उधमपूरहून दिल्लीसाठी खास गाड्या सोडल्या, त्या कुठे थांबणार हे मात्र मला कुठल्याही चॅनेलवर सापडलं नाही, रेल्वेच्या १३९ ला फोन करून विचारावं लागलं. तूही १३९ लाच विचार.

आपल्याकडचा एक वार्ताहरही काल संध्याकाळी दारात आला होता, ‘पंजाबात अडकलेला भुसावळचा विद्यार्थी’ म्हणून तुझा फोटो हवा होता. मुलगा चांगला होता, पाणी पिऊन गेला. फोटो दिला नाही. तू कोणत्या गाडीने कधी निघतोस हे पेपरात यायला नको, आणि तुम्हीही स्टेशनवरून, खिडकीतून दिसणाऱ्या लष्करी गाड्यांचे वगैरे व्हिडिओ टाकू नका. घरी येऊन पोटभर सांग सगळ्यांना.

सामान एक पाठीवरची बॅग, बस. जनरलमध्ये चढायची वेळ आली तर ट्रॉलीबॅगवाला दारातच अडकतो. मूळ आधार कार्ड, तत्काळला मूळ ओळखपत्र लागतंच. मार्कशीटचं निळं पाकीट खोलीत ठेवू नकोस. पॉवरबँक आजच भरून घे, रात्री वीज असेलच असं नाही. पीएनआरचा स्क्रीनशॉट, आणि दोन नंबर कागदावर लिहून खिशात. पाणी दोन लिटर, ओआरएसची चार पाकिटं. ग्वाल्हेर-झाशीकडे स्लीपरच्या खिडकीतून लू येते ती साधी नसते. शटर खाली आणि पंचा ओला करून मानेवर. सचखंडला वाटेत लंगरचं जेवण देतात, डब्याशी येऊन वाढतात, पण ताट आपलं लागतं. स्टीलचा डबा घे, झाकणासह. पंजाबात असेपर्यंत डब्यातले दिवे घालवायला सांगितले तर मोबाइलची बॅटरी लावू नका, आणि गाडी मध्येच थांबली तर खाली उतरू नका.

लेक्चर झालं ना. माहीत आहे मला, तू एकवीस वर्षांचा आहेस. परवाच्या बसमधली तुझी जागा तू त्या दोन ज्युनिअर मुलींना दिलीस हे तू सांगितलं नाहीस, रियाच्या आईने सांगितलं. बाबांनी ते शेजारी तिघांना सांगितलं. मीही सांगितलं. आणि रात्री झोप आली नाही, कारण ती जागा तू घेतली असतीस तर आज इथे असतास. दोन्ही खरं आहे, माझ्यावर रागावू नकोस.

ट्रॅव्हलरवाल्याला दिलेले पैसे परत मिळाले नाहीत तर मी भरते, नऊही जणांचे. तो म्हणेल रात्रीच पोलीस अडवत नाहीत, दिवसा नाके लागतात. लागू देत नाके. नाक्यावर दोन तास गेले तर गेले. तुला गाडीनेच जायचं असेल तर उद्या सकाळी सहाला निघायला सांग त्याला. नाही म्हणाला तर समज.

दहाला मी लॅपटॉपसमोर आहे. तोपर्यंत तुझ्या आधारवरचं नाव आणि त्या दोघांची नावं, वयं स्पेलिंगसकट पाठव. त्यांच्या घरचे फोन नंबरही पाठव, त्यांच्या आयांशी मी बोलते.

तुझी,
आई