न्हाणीघरातला क्लोरीन

फोंडा, गोवा
१२ ऑगस्ट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, त्याचे कारण आधी सांगतो. चतुर्थी तोंडावर आली म्हणून आम्ही घराची साफसफाई काढली होती. न्हाणीघरातले शेवाळ निघेना, म्हणून आईने फरशीवर ब्लीचिंग पावडर पसरली आणि तेवढ्याने भागत नाही असे पाहून मी तिच्यावरच संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतले. फरशी एकदम फसफसली, डोळ्यांना धारा लागल्या आणि छातीत श्वासच शिरेना. मी आईला ओढतच अंगणात आणले. पुढे दोन दिवस तिला धड बोलता येत नव्हते. तोंड उघडले की खोकल्याची उबळ यायची.

त्या दोन पदार्थांतून क्लोरीन वायू निघाला होता. १७७४ साली शेले या रसायनशास्त्रज्ञाने हेच अ‍ॅसिड मँगनीजच्या खनिजावर घालून तो प्रथम मिळवला आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर तोच सैनिकांवर सोडला गेला. तो हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. मी उभा होतो आणि आई उकिडवी बसून घासत होती, म्हणून तिला जास्त त्रास झाला, हे मला नंतर उमगले आणि फार वाईट वाटले.

सुहास, दोन वस्तू एकत्र आल्या की तिसरीच तयार होते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मुका मार लागला की तुझी आजी तळहातावर हळदीत चुना कालवायची आणि पिवळ्याचा लालभडक रंग व्हायचा. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा पडायचा, आणि आपण ते पुन्हा पुन्हा करून बघायचो. सोलकढी उकळली तर नारळाचा रस फुटतो, हेही आपल्याला कोणीतरी चुलीपाशी बसवून शिकवले. न्हाणीघरातल्या बाटल्यांबद्दल मात्र कोणी काही सांगितले नाही, आणि बाटलीवरची बारीक अक्षरे मी कधी वाचली नाहीत.

पावसाळा संपला की तू विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतोस, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले. ती अ‍ॅसिडच्या शेजारी ठेवू नकोस. व्हिनेगरनेही तिच्यातून क्लोरीन सुटतो, आणि अमोनिया असलेल्या द्रावणाशी तिचा संबंध आला तर क्लोरामाइन हा दुसरा घातक वायू तयार होतो. काकूंना हे पत्र वाचून दाखव. त्यांना बसूनच फरशी घासायची सवय आहे.

तुझा,
दिलीप