वह्या रद्दीत घातलेल्या नाहीत

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "माळ्यावरच्या माझ्या वह्या रद्दीत घाल आई, त्या गोष्टी वाचताना लाज वाटते." वह्या मी घातलेल्या नाहीत आणि घालणारही नाही. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तुझ्या वह्या काढायला चढले तर मागची पत्र्याची ट्रंक हाताला लागली. २०१९ च्या पुरात आपल्या कोल्हापुरात पंचगंगा धोक्याचे ४३ फूट ओलांडून ५५ च्या वर गेली, तेव्हा आपण घाईघाईनं वर चढवली होती ती. तळ तोवर भिजलाच होता. माझ्या शाळेतल्या शाईच्या वह्यांचा निळा लगदा झालाय. पण चौथीतली दुरेघी वही शिसपेन्सिलीनं लिहिलेली. तिचं अक्षर न् अक्षर लागतं.

त्यात माझी एक गोष्ट आहे, खासबागेतल्या पैलवानाची. ती लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान तेव्हा मी आतून पाहिलंही नव्हतं. मुलींना कुस्तीला कोण नेणार? आबा रात्री जेवताना सांगायचे, तेवढ्यावर सगळं रचलेलं. मी लिहिलंय, "हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालतात. म्हणून पैलवान पडला तरी त्याला जेवणाचा वास येतो." पुढं तो हरतो. घरी जायची लाज वाटते म्हणून गंगावेशीत जाऊन उभा राहतो. तिथं गवळी समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतो. "म्हशीने त्याला विचारले नाही की तू जिंकलास का. तिने पूर्ण पेलाभर दूध दिले." गोष्ट संपली.

मनू, हे वाक्य मला आज सुचणार नाही. पुढं आठवी-नववीत निबंधाला चांगले मार्क मिळायचे, 'अविस्मरणीय', 'नयनरम्य' असले शब्द मी सराईतपणे पेरायचे. ती भाषा शुद्ध होती, पण तिच्यात ना आबा होते, ना म्हैस. आबांचं बोलणं कुठं उरलं असेल तर त्या चौथीच्या वहीत. कॅसेट नाही, व्हिडिओ नाही, फोटोही मोजकेच.

मग रात्री तुझी वही उघडली. रंकाळ्यातलं कासव एस.टी.नं जोतिबाला निघतं ती गोष्ट तुला आठवते का? कंडक्टर वय विचारतो, कासव सांगतं दोनशे, आणि तो मुकाट्यानं अर्धं तिकीट फाडतो. म्हाताऱ्या माणसांना अर्धं तिकीट लागतं हे तू आजीबरोबर जाऊन जाऊन शिकली होतीस. ऱ्हस्व-दीर्घ पार कोलमडलेलं आहे, तेवढ्यावरून त्या गोष्टीची लाज कशाला? नऊ वर्षांच्या पोरीचं लिखाण पंचविशीच्या बाईनं लाल पेन घेऊन तपासायचं नसतं.

दोघींच्या वह्या उन्हात वाळवून, कडुलिंबाचा वाळका पाला घालून कोरड्या डब्यात ठेवल्यात. कसर लागू नये एवढंच बघायचं. दिवाळीला येशील तेव्हा तुझी वही तुझ्या हातात देईन. आधी सगळी वाच. मग ठेवायची की टाकायची, ते तू ठरव. आणि कासव जोतिबावरनं परत कसं आलं ते तू लिहिलेलंच नाहीस, तेवढं मला सांग.

तुझी,
आई