आईच्या ट्रेचा हिशोब

प्रिय आई आणि बाबा,

कालच्या व्हिडिओ कॉलपासून डोक्यात तेच चाललंय म्हणून आज लिहायलाच बसले, कारण फोनवर आई "हो गं, लावते" म्हणते आणि विषय मेथीच्या भावावर जातो. आई, काल तू चहा टाकत होतीस तेव्हा मागे ओट्यावर तिखटाच्या डब्याशेजारी स्टीलची वाटी दिसली, त्यात तुझा दात सरळ करायचा वरचा प्लास्टिकचा ट्रे, म्हणजे अलाइनर, होता, काठावर लाल मसाल्याचा कण चिकटलेला. दुपारचे तीन वाजले होते आणि तुमचं जेवण साडेबाराला होतं. मी रागावले नाहीये, पण खूप काळजी वाटली.

मी स्वतः पुण्यात दीड वर्ष अलाइनर लावलेत म्हणून सांगते. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो, दात आणि हाडाच्या मध्ये बारीक तंतूंचा थर असतो. ट्रे ज्या बाजूला दाबतो तिकडचं हाड शरीर हळूहळू झिजवतं आणि दाताने सोडलेल्या जागेत नवीन हाड भरतं, आणि एका ट्रेमागे दात सरकतो साधारण पाव मिलिमीटर, बस. हे काम दाब सलग राहिला तरच होतं. रोज चार-पाच तास ट्रे वाटीत राहिला की दात मागे यायला बघतो, मग पुढचा ट्रे नीट बसत नाही, दुखतो, आणि तू म्हणणार की माझ्या वयाला हे झेपत नाही. प्रश्न फक्त वयाचा नसतो गं. हिरड्या आणि हाड चांगलं असलं की साठीतही दात सरकतात, म्हणून तर डॉक्टरांनी आधी तुझ्या हिरड्यांची सफाई करून घेतली आणि शुगरचा रिपोर्ट मागितला.

डॉक्टरांनी रोज 22 तास ट्रे लावायला सांगितलाय म्हणजे तो काढून ठेवायला आपल्याकडे दिवसाची 120 मिनिटं उरतात. मी काल कागदावर मांडून बघितलं. सकाळचा चहा आणि नाश्ता एकत्रच घेतलास तर ब्रश धरून 25 मिनिटं, दुपारचं जेवण 35, चारचा चहा 15, रात्रीचं जेवण 35, झाले 110. दहा मिनिटं शिल्लक. पण पहाटे एक कप वेगळा, अकराला शेजारच्या काकू आल्या की अर्धा कप, संध्याकाळी बाबांचे मित्र आले की परत घोटभर, असं झालं की हिशोब तिथेच कोसळतो, कारण कप पाच मिनिटांत संपतो पण ट्रे परत लावायला तासभर लागतो, हात पिठाचे असतात नाहीतर कुणीतरी गप्पा मारत बसलेलं असतं.

बाबा, इथे मला तुमची मदत हवी. आपल्या जळगावात घरी आलेल्या माणसाबरोबर चहा नाही घेतला तर त्याला वाईट वाटतं आणि आईला कुणाला नाही म्हणायला आयुष्यात जमलं नाही. तर तुम्ही पाहुण्यांबरोबर कप घ्या आणि सांगून टाका की हिची दातांची ट्रीटमेंट चालू आहे, ती माठातलं पाणी घेईल. ट्रे लावून फक्त साधं पाणी चालतं. चहा त्यावरूनच प्यायला तर गरम चहाने ट्रेचा आकार बिघडतो, रंग चढतो, आणि साखर ट्रेखाली दाताला धरून बसते, तिथे लाळ पोचत नाही म्हणून कीड लागते. ताक, कैरीचं पन्हंसुद्धा ट्रे काढून, जेवणासोबतच.

खाण्याचं पथ्य मात्र फारसं नाही बरं का. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी सगळं ट्रे काढून खा. फक्त दातांवर डॉक्टरांनी दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेत ना, ऊस आणि कडक सुपारी चावताना ते निघतात, ते टाळ. जेवल्यावर ब्रश करून मगच ट्रे लाव, बाहेर असलीस तर निदान खळखळून चूळ भर.

आणि ट्रेवर उकळतं पाणी ओतू नकोस गं आई. तू दुधाचं पातेलं जसं उकळत्या पाण्याने स्वच्छ करतेस तसंच हे केलंस ते समजतं मला, पण हे प्लास्टिक गरम पाण्याने वाकतं आणि ते डोळ्यांना दिसतही नाही, फक्त दातावर बसत नाही. गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश, हात धुवायचा साबण अगदी थोडा. टूथपेस्ट नको, तिने बारीक चरे पडतात आणि त्यात घाण साचते. काढताना पुढून ओढू नकोस, मागच्या दाढेजवळ आतल्या बाजूने नखाने सोडव, आधी एकीकडे मग दुसरीकडे, नाहीतर तडकतो.

ट्रे तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही. भुसावळच्या लग्नात मी जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला होता, वाढप्याने ताटाबरोबर उचलून नेला, मी खरकट्याच्या पिंपाशी उभी राहून रडले होते. डॉक्टरांनी नवीन येईपर्यंत आधीचा ट्रे लावायला सांगितला, तो मी ठेवला होता म्हणून निभावलं. तूही मागचा ट्रे टाकू नकोस. हरवला तर मनानेच पुढचा लावायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. आणि बाबा, या उन्हात डबी गाडीत राहू देऊ नका, आपल्याकडचं 44 डिग्री म्हणजे बंद गाडीत भट्टीच असते.

एक राहिलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. आई, तू हाडांसाठी आठवड्यातून एकदा गोळी घ्यायचीस, ती दातांच्या डॉक्टरांना सांगितलीस का? त्यातल्या काही गोळ्यांनी हाडाची झीज-भर मंदावते, दात सरकण्यावर आणि जबड्यावर परिणाम होऊ शकतो. बाबा, जुनी चिठ्ठी कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे, तिचा फोटो उद्याच डॉक्टरांना पाठवा आणि मलाही पाठवा. गोळी अजून चालू असेल तर मनाने बंद करू नका.

मी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, चार दिवस येतेय. ट्रे नीट बसावा म्हणून दाताखाली चावायच्या रबरी नळ्या मिळतात त्या घेऊन येते, आणि आल्यावर आमरस आपण जेवणातच खाऊ, दुपारी वेगळी वाटी नाही.

तुमची,
ताई