पॅट्रिशिया राउटलेज म्हणजे फक्त हायसिंथ नव्हे

मा. संपादक,
स. न.

ज्येष्ठ ब्रिटिश अभिनेत्री डेम पॅट्रिशिया राउटलेज ३ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९६व्या वर्षी गेल्या. त्यांच्यावर आपल्या अंकात आलेले टिपण 'हायसिंथ साकारणारी विनोदी अभिनेत्री' एवढ्यावरच आटोपले. वाचून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

रॉय क्लार्क यांची 'कीपिंग अप अपिअरन्सेस' ही विनोदी मालिका १९९० ते १९९५ या काळात बीबीसीवर चालली आणि देशोदेशी पोहोचली. बकेट हे आडनाव सगळ्यांनी 'बुके' असेच उच्चारावे म्हणून हटून बसणारी आणि आपली गरीब माहेरची माणसे शेजाऱ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून धडपडणारी हायसिंथ ही तिची नायिका. आपण तिला हसतो, पण राउटलेज तिला क्षणभरही हसण्यावारी नेत नाहीत. हायसिंथला आपली प्रतिष्ठा जिवापेक्षा प्यारी आहे, हे त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसते.

हे त्यांना कुठून साधले, याचे उत्तर त्याआधीच्या एका कामात आहे. १९८२ साली नाटककार अ‍ॅलन बेनेट यांनी राउटलेज यांच्यासाठी 'अ वुमन ऑफ नो इम्पॉर्टन्स' हे टीव्हीनाट्य लिहिले. पडद्यावर त्या एकट्याच, समोर कॅमेरा. ऑफिसात आपल्यावाचून कुणाचे पान हलत नाही अशी पेगी नावाच्या बाईची खात्री असते. कँटीनमध्ये कोण कुठे बसले, कोण काय म्हणाले, ते ती रंगवून सांगत राहते. मग ती आजारी पडते, इस्पितळात जाते, आणि तिथेही आपण सर्वांच्या लाडक्या आहोत असेच बोलत राहते. तिचे दिवस भरत आले आहेत हे आपल्याला कळते, तिच्या बोलण्यात मात्र ते येत नाही. स्वतःचे महत्त्व स्वतःच ठरवून टाकण्याची पेगीची आणि हायसिंथची वृत्ती एकच आहे. एकीत ती हसवते, दुसरीत घशात आवंढा आणते. अभिनय दोन्हीकडे तितकाच गंभीर. 'विनोदी' आणि 'गंभीर' अशी कप्पेबंद वाटणी त्यांच्या बाबतीत म्हणूनच मला पटत नाही.

१९८८ च्या 'टॉकिंग हेड्स' या एकपात्री टीव्हीनाट्यांच्या मालिकेत राउटलेज यांनी केलेली मिस रुडॉकही बेनेट यांचीच. एकटेपणापायी लोकांविरुद्ध तक्रारीची पत्रे लिहीत सुटणारी ही बाई अखेर तुरुंगात जाते आणि आयुष्यात प्रथमच तिला तिथे मैत्रिणी मिळतात. तुरुंगात खुललेला राउटलेज यांचा तो चेहरा ज्याने पाहिला, तो त्यांना नुसती विनोदी नटी म्हणणार नाही.

आणि त्यांचे गाणे! टिपणात त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. बर्कनहेडच्या या मुलीने १९५२ साली लिव्हरपूल प्लेहाऊसमधून सुरुवात केली आणि १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'डार्लिंग ऑफ द डे' या संगीतनाटकासाठी टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार मिळवला. तो प्रयोग महिनाभरच चालला होता, तरीही. १९७६ साली संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे '१६०० पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू' हे संगीतनाटक ७ प्रयोगांत बंद पडले. त्यातल्या एका गाण्यात अमेरिकेच्या मावळत्या आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अशा दोन्ही भूमिका त्या एकट्याच, आलटून पालटून गात. १९८८ साली 'कँडिड' या संगीतनाटकासाठी ऑलिव्हिए हा ब्रिटिश नाट्यपुरस्कारही त्यांना मिळाला. हायसिंथ जेव्हा शेजाऱ्यांचे कान किटवत बेसूर गाते, तेव्हा तो बेसूर एका तयार गळ्याने जाणूनबुजून लावलेला असतो, हे ध्यानात घेऊन ते भाग पुन्हा पाहावेत.

हायसिंथची मालिका ऐन भरात असताना ती थांबवण्याचा निर्णय त्यांचाच होता. पुढे त्या 'हेटी वेनथ्रॉप' या मालिकेत साठीतली गुप्तहेर झाल्या आणि उतारवयात पियानोवादक मायरा हेस यांच्या युद्धकाळातल्या मैफलींवरचा प्रयोग रंगमंचावर करत राहिल्या.

आपली रविवारची पुरवणी नाटक-सिनेमाला भरपूर जागा देते. बेनेट यांच्या या दोन भूमिकांवर आणि राउटलेज यांच्या संगीतनाटकांवर एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक